एम. ए. तत्त्वज्ञान : पेपर मराठीतून लिहू की इंग्रजीतून?

सिंदफणा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी माजलगावकडची. तालुक्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. केलं आणि आता एका विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या एम. ए.ला पहिल्या वर्षाला आहे. "तत्त्वज्ञानच का?" हे घरच्यांचं विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. (विचारणारच आहात, माहिती आहे.)

अडचण अशी. उत्तरं मराठीतून लिहा नाहीतर इंग्रजीतून, मुभा आहे. पण वाचायची यादी अख्खी इंग्रजी. पहिल्या चाचणीला मी हिंमत करून इंग्रजीतून लिहिलं. ३० पैकी ११. शेवटच्या पानावर सरांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "ही वाक्यं तुझी नाहीत. तुझी कुठे आहेत?" खरंच होतं ते, पाठ केलेलीच होती.

मग ठरवलं मराठीतून लिहायचं. तर दुसऱ्याच ओळीला गाडी अडते. ट्रान्सेन्डेन्टलला काय म्हणू? रूममेट म्हणते मराठीत लिहिलंस तर पुढे नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएच. डी. सगळंच अवघड जाईल. ज्यांनी हा विषय केलाय त्यांनी सांगा ना, तुम्ही काय केलं?

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ९:५२

मराठीतूनच लिही. तपासणाऱ्यालाही कळणार नाही, आणि कळलं नाही की आपल्याकडे मार्क देतात.

तिसरा_चहा | सोमवार, रात्री १०:०५

तत्त्वज्ञानच का?

ओलं_सरपण | मंगळवार, सकाळी ७:१०

माझं एम. ए. १९९३ चं, मुंबईतलं. सगळे पेपर मराठीतून. आता तत्त्वज्ञानाशी संबंध उरला नाही, विम्याचं काम करतो. पण एक सांगण्यासारखं आहे, म्हणून लांब लिहितो.

पहिल्या सत्रात न्यायदर्शन होतं, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र. डोंगरावर जाळ आहे, कारण धूर दिसतोय. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी पाच वाक्यं. उदाहरणाला महानस, म्हणजे स्वयंपाकघर : जिथे जिथे धूर तिथे तिथे जाळ, ही व्याप्ती. मी घडाघडा पाठ केलं. गणपतीला गावी गेलो, संगमेश्वरजवळ आमचं घर. आजी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली, मी तिला ऐटीत सांगायला लागलो. ती म्हणाली, "धूर हाय म्हंजे जाळ हाय, ह्ये शिकायला मुंबयला जाया लागतंय?"

मी म्हटलं, बरं आजी, उलट सांग. जाळ असला की धूर असतोच का? तिने फुंकणी खाली ठेवली. कोपऱ्यातलं ऐनाचं वाळकं लाकूड उचलून आत सारलं. "बग येतोय का." नाही आला. मग परड्यातलं, रात्रीच्या पावसात भिजलेलं एक सारलं. सगळं घर खोकायला लागलं. "धूर जाळाचा नसतो रं, वल्या लाकडाचा असतो."

मंडळी, नैयायिक याला उपाधी म्हणतात. जाळावरून धुराचं अनुमान करता येत नाही, कारण मध्ये ओल्या सरपणाची अट लपलेली असते. ग्रंथांत हेच उदाहरण आहे, आर्द्रेंधनसंयोग. हेच सरांनी दोन तास फळ्यावर समजावलं होतं आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी न्यायाचा पेपर कधी पाठ केला नाही. (आयडी कुठून आला ते आता कळलं असेल.)

पण पुढच्या सत्रात ह्यूम आला, कार्यकारणावर शंका घेणारा, आणि तिथे आजी उपयोगी पडली नाही. तिथे मीही तुझ्यासारखाच अडलो. तेव्हा माझं मत : भारतीय दर्शनं मराठीत, पाश्चात्त्य इंग्रजीत.

कातरवेळ | मंगळवार, सकाळी ८:३३

ओलं_सरपण, दंडवत त्या आजींना. पण आमच्या महानसात इंडक्शन आहे हो. धूरही नाही, जाळही नाही. व्याप्ती मोडली!

तिसरा_चहा | मंगळवार, सकाळी ८:४१

शेगडीच्या इंडक्शनने तर्कातलं इंडक्शन मोडलं. ह्यूम खूश.

पंचावयव | मंगळवार, सकाळी ९:१५

कातरवेळ, काही मोडलं नाही. धूर आहे आणि जाळ नाही असं एक ठिकाण दाखवाल तेव्हा व्याप्ती मोडेल. धूर आणि जाळ दोन्ही नसतील तर तुमचं स्वयंपाकघर विपक्ष झालं, म्हणजे जाळ नाही आणि धूरही नाही असं ठिकाण, शास्त्रातल्या उदाहरणातलं तळं. नैयायिकांना तुमच्या इंडक्शनचा आनंदच होईल.

सदाशिवपेठी | मंगळवार, सकाळी ९:२०

मग हल्ली लग्नात वधूवर स्टेजवर येताना सोडतात तो धूर? जाळ नसतो तिथे. निदान पहिले सहा महिने.

पंचावयव | मंगळवार, सकाळी ९:४८

तो धूर नसून बाष्प. समोर दिसतंय ते धूर की वाफ अशी शंका असताना त्यावरून अग्नी सिद्ध करायला गेलं तर हेतूच संदिग्धासिद्ध ठरतो, हे बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने सातव्या शतकाच्या आसपास लिहून ठेवलंय. तेव्हा मंगल कार्यालयं नव्हती, तरी.

क_खोका | मंगळवार, सकाळी ११:०२

सगळं छान चाललंय, पण मूळ प्रश्न पोटाचा आहे आणि तो कोणी घेत नाही. मी इंजिनियर. माझा चुलतभाऊ तत्त्वज्ञानात नेट झालाय, आणि आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. ताईंना भाषेचा सल्ला देण्याआधी हे सांगा की माध्यम कुठलंही घ्या, शेवट तोच. आणि भाषेचं म्हणाल तर आता एआय आहे. इंग्रजी धडा टाका, मराठी बाहेर येतो. २०२५ मध्ये हा प्रश्नच उरलेला नाही.

तासिका_बाई | मंगळवार, दुपारी ३:२६

मी तो चुलतभाऊ नव्हे, पण जात तीच. तासिका तत्त्वावर अकरावं वर्ष. दोन कॉलेजं, मध्ये एस. टी. मे महिन्यात पगार शून्य, कारण मे महिन्यात तास नसतात. पूर्णवेळ सर निवृत्त झाले की विद्यार्थी कमी म्हणून कार्यभार (ठरलेले तास) भरत नाही, कार्यभार भरत नाही म्हणून जागा भरत नाहीत, जागा नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात, शिक्षण खात्यात काय म्हणतात ठाऊक नाही. नव्या धोरणात भारतीय ज्ञान प्रणालीचा विषय सगळ्या शाखांना आला, तेव्हा वाटलं आता तास वाढतील. वाढले, पण ते संस्कृतवाले, इतिहासवाले आणि आम्ही वाटून घेतो. तेव्हा क_खोका, पोटाचं खोटं नाही.

आता सिंदफणा, तुझा प्रश्न. मी दरवर्षी दोन्ही भाषांतले पेपर तपासते. एक गैरसमज काढून टाक. इंग्रजीतले बहुतेक पेपर गाईडमधले असतात आणि मराठीतलेही गाईडमधलेच. "कांट हा थोर जर्मन विचारवंत असून त्याने ज्ञानाला फार महत्त्व दिले." हे कुठल्याही भाषेत शून्यच.

पण मराठीत लिहिणाऱ्याला काही खास खड्डे आहेत, ते दाखवते.

पहिला, अनुभवपूर्व. अ प्रायोरीला आपण हा शब्द वापरतो आणि पोरं लिहितात की अनुभव यायच्या आधी, लहानपणी, जन्मत: जे असतं ते. कांटचं म्हणणं नेमकं उलट आहे. 'शुद्ध बुद्धीची मीमांसा'च्या दुसऱ्या आवृत्तीत (१७८७) तो सुरुवातीलाच सांगतो की आपलं सगळं ज्ञान अनुभवाबरोबर सुरू होतं, पण म्हणून ते सगळं अनुभवातूनच निपजतं असं नाही. म्हणजे प्रश्न घड्याळाचा नाही, आधाराचा आहे. 'पूर्व' हा शब्द तिथे घात करतो. मी वर्गात अनुभवनिरपेक्ष म्हणते, गोंधळ निम्मा होतो.

दुसरा, आयडियॅलिझमला, म्हणजे सगळं शेवटी मनाचंच असं मानणाऱ्या बर्कलीसारख्यांच्या मताला, आदर्शवाद लिहायचं. मग बर्कली हा आदर्श माणूस होता असा अर्धं पान निबंध येतो. विश्वकोशात चिद्वाद आहे, तो घे.

तिसरा सगळ्यात वाईट, आणि तो भाषांतराचा नाही, आपल्या भाषेचाच आहे. कारण. पाऊस पडला म्हणून रस्ता ओला, हेही कारण. रस्ता ओला दिसतोय म्हणून पाऊस पडला असणार, तेही कारण. इंग्रजीत एकाला कॉज म्हणतात, दुसऱ्याला रीझन. आपण दोन्हीला कारण म्हणतो आणि त्यावरून ह्यूमचा पेपर लिहायला बसतो! ओलं_सरपण यांना ह्यूम अडला तो इंग्रजी म्हणून नसेल अडला. 'कारण' शब्दाने अडवला असेल.

ता. क. क_खोका, तुमच्या यंत्राला मी गेल्या वर्षी कांटच्या ग्रंथाचं नाव मराठीत करायला सांगितलं होतं. उत्तर आलं : शुद्ध कारणाची टीका.

तिसरा_चहा | मंगळवार, दुपारी ३:४०

शुद्ध कारणाची टीका! आमच्या सासूबाईंचं आत्मचरित्र.

ओलं_सरपण | मंगळवार, संध्याकाळी ६:१८

तासिका_बाई, तीस वर्षांनी कोणीतरी नेमकं दुखणं सांगितलं. हो, 'कारण'च होतं. मी तेव्हा लिहिलं होतं की ह्यूमच्या मते जगात सगळंच कारणाशिवाय घडतं. बिचारा असं कुठेच म्हणत नाही.

मेन्स_तीनदा | मंगळवार, रात्री ८:५५

मी तत्त्वज्ञान पोटासाठीच घेतलं होतं, उलट्या बाजूने. यूपीएससीला वैकल्पिक विषय. दोन पेपर, ५०० गुण, आणि सगळ्यांचं म्हणणं की अभ्यासक्रम सगळ्यात आटोपशीर. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्चीला खुर्ची लावून आम्ही सहा जण सांख्य करत होतो. एकालाही पुरुष-प्रकृतीशी देणंघेणं नव्हतं, सगळ्यांना मसुरी (आयएएसची अकादमी) हवी होती. २०१३ पासून नीतिशास्त्राचा वेगळा पेपर आला तेव्हा आम्हाला वाटलं एका दगडात दोन पक्षी. दोन्ही उडाले.

मराठी माध्यम. माझी पद्धत साधी होती : संज्ञा जशीच्या तशी देवनागरीत, बाकी वाक्य मराठी. 'कॅटेगॉरिकल इम्परेटिव्ह सांगतो की...' असं. वेळ वाचतो. भारतीय भागाला श्रीनिवास दीक्षितांचं पुस्तक, पाश्चात्त्यला ग. ना. जोशींचे तीन खंड, तेव्हा सगळे तेच वाचायचे. पास नाही झालो. पण आता तालुक्याला नोकरी आहे, आणि सातबाऱ्याच्या भांडणात दोन भावांचं ऐकताना अजून जैनांची सप्तभंगी आठवते. एका अर्थी हा खरा, एका अर्थी तो.

वऱ्हाडी_वाटाणा | मंगळवार, रात्री ९:३०

मेन्सभाऊ, अशी खिचडी काहून करता राजेहो? दि. य. देशपांडे वाचा. अमरावतीले शिकवत होते. १९९० मध्ये नागपुरातून 'आजचा सुधारक' सुरू केलं. विश्लेषक तत्त्वज्ञान, ज्याच्यात एकेका शब्दाचा कीस पाडतात, तो माणूस साध्या मराठीत लिहून गेला, आणि एक वाक्य लंगडं नाही. तिकडे मे. पुं. रेगे, दादरच्या कीर्ती कॉलेजात. पुढे विश्वकोशाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या विश्वकोशातल्या नोंदी आता फुकट वाचायले भेटतात. देविदास वाडेकरांनी मराठी तत्त्वज्ञान महाकोश काढला, १९७४, तीन खंड. शब्द नाहीत म्हणून रडायचं कारण नाही. शब्द पन्नास वर्षांपासून कपाटात आहेत, चावी कोणी फिरवत नाही.

('कारण' हा शब्द वापरला. कोणता ते बाईंनी ठरवावं.)

तासिका_बाई | मंगळवार, रात्री ९:४४

रीझन. पास.

बोरीकाठ | बुधवार, सकाळी ६:५०

अमळनेरवरून लिहितोय. वऱ्हाडी_वाटाणा यांनी कपाट काढलं म्हणून आमचंही एक कपाट काढतो.

आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे. १९१६ साली प्रतापशेठ नावाच्या गिरणीमालकाने काढलं. कापडाच्या पैशातून फेलो ठेवायचे, राहायची-खायची सोय करायची, आणि त्यांनी वेदांताचा विचार करायचा. दुसरं काही नाही! साने गुरुजी शिक्षक व्हायच्या आधी इथेच आले होते, १९२३ मध्ये, मग शेजारच्या शाळेत गेले आणि तिथलेच झाले. कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ च्या सुमारास इथे संचालक होते. कलकत्त्याचा माणूस, खानदेशच्या उन्हात. २०२४ ला साहित्य संमेलन आमच्याकडे झालं तेव्हा पाहुण्यांना दाखवायला आम्ही पोरं तिथे उभे होतो. बहुतेक लोक विचारायचे, दर्शन किती वाजता?

आता धाग्याशी संबंध. या भट्टाचार्यांचं 'स्वराज इन आयडियाज' म्हणून एक भाषण आहे. मुद्दा असा की राजकीय गुलामी दिसते तरी, विचारांतली गुलामी दिसतच नाही, कारण ती आपल्याला आपलीच वाटते. शिकलेली माणसं आपसांत देशी भाषा आणि इंग्रजीची भेसळ बोलतात, हे ते त्या गुलामीचं लक्षण म्हणून दाखवतात. मेन्सभाऊंची खिचडी त्यांनी तेव्हाच पाहून ठेवली होती. आणि हे सगळं त्यांनी सांगितलं कुठल्या भाषेत? इंग्रजीत. मंदिरातून त्रैमासिक निघायचं तेही इंग्रजी. अमळनेरात बसून, बोरी नदीच्या काठी.

मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. त्यांना बंगाल, मद्रास, अलाहाबाद सगळीकडचं वाचणारं माणूस हवं होतं. फक्त आमच्या गावातल्या कोणाला त्यातलं काही वाचता आलं नाही, इतकंच.

सदाशिवपेठी | बुधवार, सकाळी ९:१०

बोरीकाठ, सुंदर प्रतिसाद. आमच्या पेठेत विनोद करणारे पुष्कळ आहेत, विचार करायला पगार देणारा गिरणीमालक एकही नाही.

लियाँची_वैदेही | बुधवार, दुपारी १:३७

फ्रान्समधून. इथे बारावीच्या बरोबरीच्या वर्गाला तत्त्वज्ञान सक्तीचं आहे, विज्ञान घेतलेल्यालाही. जूनमध्ये चार तासांचा पेपर. दोन निबंधांचे विषय आणि एक उतारा, त्यांतलं एकच लिहायचं. चार तास एकाच प्रश्नावर! गेल्या वर्षी लेक बसली होती. मी डब्यात थालीपीठ दिलं, तर म्हणाली, आई, तिथे लोक केळं घेऊन येतात.

सांगायचं ते हे की तिला 'हे फ्रेंचमध्ये कसं म्हणू' असा प्रश्न एकदाही पडला नाही. तिच्यासाठी प्लेटोसुद्धा फ्रेंचच बोलतो. पण हे त्यांनाही आयतं मिळालेलं नाही. देकार्तने 'पद्धतीविषयी विवेचन' १६३७ मध्ये लॅटिन सोडून फ्रेंचमध्ये लिहिलं, का, तर जुन्या पोथ्यांवर विसंबण्यापेक्षा स्वत:ची साधी बुद्धी वापरणाऱ्यांनी आपला न्याय करावा म्हणून. आणि चारच वर्षांनी पुढचा मोठा ग्रंथ परत लॅटिनमध्ये, कारण आता पंडितांशी बोलायचं होतं. म्हणजे देकार्तलाही हाच प्रश्न होता, सिंदफणा. त्याने दोन्ही केलं.

क_खोका | बुधवार, दुपारी २:०५

देकार्तला तासिका तत्त्वावर शिकवावं लागत नव्हतं.

लियाँची_वैदेही | बुधवार, दुपारी २:११

हे मान्य. शेवटी स्वीडनच्या राणीला पहाटे पाच वाजता शिकवायला गेला आणि त्याच हिवाळ्यात वारला. तासिका तत्त्व तिथेही वाईटच.

भिंत_चालली | बुधवार, संध्याकाळी ५:४५

इतके प्रतिसाद झाले, परदेशातले सगळे आले, आणि ज्ञानेश्वरांचं नाव कोणी घेतलं नाही? शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणणारा माणूस आपल्याकडे असताना आपण देकार्तकडून शिकायचं?

तिसरा_चहा | बुधवार, संध्याकाळी ५:४८

ज्ञानेश्वर आले. आता धागा दोनशेला पोचतो.

भिंत_चालली | बुधवार, संध्याकाळी ६:०२

हसा. अमृतानुभवाचं सातवं प्रकरण उघडा, अज्ञानखंडन. अज्ञान नावाची काही वस्तू आहे का, असेल तर कुठे राहते, ज्ञानात राहिली तर ज्ञान मूढ का होत नाही, असा एकेक पर्याय घेऊन खोडलाय. भक्ती नाही, आरती नाही, नुसता युक्तिवाद. ओवीत. हे अभ्यासक्रमात संत साहित्य म्हणून मराठी विभागात, आणि तत्त्वज्ञान विभागात नाही.

पंचावयव | बुधवार, संध्याकाळी ६:४०

भिंत_चालली, इथे मी तुमच्या बाजूने. पण संत साहित्याच्या बाहेरचं एक सांगतो. महानुभावांमध्ये केशोबास संस्कृतात रचना करायचे. पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं : नको रे बाबा, त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. पंथातल्या त्या साध्या बायका, ज्यांना संस्कृत येत नव्हतं. पंडितांना कळेल की नाही याची फिकीर नव्हती, म्हाताऱ्यांची होती.

ओलं_सरपण, तुमची आजी चुलीपुढे बसून उपाधी सांगत होती. नागदेवाचार्यांची म्हातारी तीच.

ओलं_सरपण | बुधवार, संध्याकाळी ७:०३

पंचावयव, आता काय बोलू.

संपादक_४ | बुधवार, रात्री ८:००

ज्ञानेश्वरांवर, भिंतीवर आणि रेड्यावर स्वतंत्र धागे आहेत. इथे माध्यमापुरतं बोलावं. तीन प्रतिसाद उडवले आहेत, कोणाचे ते त्यांना माहीत आहे.

फोंड्याचो_बाबू | बुधवार, रात्री ९:२०

मी गोव्यातला, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एम. ए. तत्त्वज्ञान केलंय. भाषेचा विषय आमच्याकडे काढू नका, जेवणं थंड होतात. एकच सांगतो. पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठ आहे, पाद्री होणारे तिथे शिकतात. एकदा एका व्याख्यानाला गेलो होतो. तत्त्वज्ञानाचा वर्ग भरलेला मी आयुष्यात तिथेच पाहिला. त्यांना ईश्वरविद्येच्या आधी तत्त्वज्ञान करावंच लागतं. बाहेर रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याने विचारलं, आत काय शिकवतात? मी म्हटलं तत्त्वज्ञान. तो म्हणाला, मग देव कधी शिकवतात?

कातरवेळ | बुधवार, रात्री ९:३१

रिक्षावाला विद्यापीठात हवा होता.

तासिका_बाई | गुरुवार, सकाळी ७:४०

गाडी यायला वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात मूळ प्रश्नावर येते.

रूममेटची नेटची भीती सोडून दे. नेटचे दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, सगळे बहुपर्यायी. तिथे लिहायचं काही नसतंच, त्यामुळे लिहिण्याची भाषा कुठली हा प्रश्न येत नाही. प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात, तेव्हा वाचायची इंग्रजी पक्की लागते. ती मराठीत पेपर लिहूनही होते. पुढे बाहेर कुठे पीएच. डी. करायची असेल तर इंग्रजीत लिहावं लागेल, पण ते पीएच. डी.च्या वेळी शिकता येतं. विचार करायला तेव्हा शिकता येत नाही.

मेन्स_तीनदाची पद्धत मला पटत नाही. 'कॅटेगॉरिकल इम्परेटिव्ह' तसाच ठेवला की तो न कळताही वाक्य पुरं होतं, हाच त्यातला धोका. त्याच्या जागी 'बिनशर्त आज्ञा' लिहिलंस की लगेच प्रश्न पडतो, बिनशर्त म्हणजे काय, अट कुठली नाही? तो प्रश्न पडला की निम्मं उत्तर झालं.

मेन्स_तीनदा | गुरुवार, सकाळी ८:१५

बाई, म्हणूनच मी तीनदा गेलो असणार.

सिंदफणा | (तेवीस दिवसांनी) शनिवार, रात्री १०:१२

माफ करा, मध्ये परीक्षा होती, आणि घरी कापूस वेचणीला जावं लागलं. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काही रूममेटला वाचून दाखवले. ती आता मला ओलं सरपण म्हणते.

दुसरी चाचणी ह्यूमवर आली. मराठीतून लिहिलं. तासिका_बाईंनी सांगितलं तसं एकही संज्ञा न सोडवता पुढे गेले नाही. ह्यूमच्या उदाहरणातलं बिलियर्ड मी कधी पाहिलं नाही, म्हणून कॅरम घेतला. आमच्या होस्टेलच्या गच्चीवर आहे, एक कोपरा फुगलेला. आदल्या रात्री खरंच जाऊन बसले आणि नुसतं बघत राहिले. स्ट्रायकर आला, सोंगटीला लागला, सोंगटी गेली. आधी हे, मग ते. जवळजवळ. दर वेळी. पण 'जायलाच पाहिजे' हे बोर्डावर कुठे दिसतं? मी वीस-पंचवीस वेळा मारलं, नाही दिसलं. एकदा फुगलेल्या कोपऱ्यापाशी स्ट्रायकर लागूनही सोंगटी हललीच नाही. पावडर जिथे नव्हती तिथे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं मन आधीच सोंगटीच्या पुढे धावून खिशापाशी उभं होतं. ती सवय माझी होती, बोर्डाची नव्हती. हे सगळं मी तसंच उत्तरात लिहिलं.

३० पैकी १९. वर्गात सगळ्यांत जास्त नाही, पण २१ च्या वर कोणीच नव्हतं.

आणि पेपर हातात आला तेव्हा बघितलं, सरांनी पेन्सिलीने 'कारण' या शब्दाला सात ठिकाणी गोल केलेत. प्रत्येक गोलाशेजारी एकच शब्द : कोणतं?

तासिका_बाई | रविवार, सकाळी ६:३०

सात! माझ्या वर्गात सरासरी वीस असतात. शाब्बास गं.

तिसरा_चहा | रविवार, सकाळी ९:०५

पावडर जिथे नव्हती तिथे सोंगटी हलली नाही. म्हणजे पावडर ही उपाधी. आजी, बघताय ना?

पंचावयव | रविवार, सकाळी ९:३२

चहा, या वेळी तुमचा विनोद जवळजवळ बरोबर आहे. लिहून ठेवतो.

सिंदफणा | रविवार, सकाळी १०:२०

अजून एक विचारायचं होतं. पुढच्या सत्राला कांट आहे. मराठीतल्या वर्गातल्या नोट्स कोणाकडे असतील का? छापील मिळतात त्या सगळ्या 'थोर जर्मन विचारवंत' छाप आहेत.

ओलं_सरपण | रविवार, सकाळी ११:४७

माझ्या वह्या गावी माळ्यावर आहेत. गेल्या महिन्यात घर झाडताना खाली काढल्या होत्या. पहिली वही वाळवीने खाल्ली, ह्यूमपर्यंत. कांट शाबूत आहे, कदाचित तिलाही अवघड गेला असेल. पानांना अजून धुराचा वास येतो, चालेल ना? पत्ता व्यक्तिगत निरोपात कळव.